शरणपूरचा अब्राहम : गुलाममुक्तीवरच्या एका पेपरची केस

नाशिकमधे एमए इतिहासाच्या मुलामुलींना पेपर, डेझर्टेशन वगैरेसाठी मी मदत करते, बरीच वर्षं झाली. त्यातली ही एक केस सविस्तर लिहितेय, कारण गुलामगिरीच्या निर्मूलनावर लिहायला घेणारं दरवर्षी कुणी ना कुणी येतंच आणि जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडकतात. मुलीचं नाव, कॉलेज काही देत नाही, पण तिला विचारूनच लिहितेय.

ती पहिल्यांदा आली तेव्हा विषय होता अमेरिकेतली गुलाममुक्ती आणि महात्मा फुले. विषय सुंदरच आहे. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे आपल्याकडं बहुतेकांना माहीत असतं. पण तिच्या सिनॉप्सिसमधे त्यापुढं काही नव्हतं. लिंकन, १ जानेवारी १८६३ ची घोषणा, १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती, मग अर्पणपत्रिका आणि मग निष्कर्ष. मी विचारलं, यातलं तू स्वतः काय शोधणारेस? ती गप्प बसली आणि मग खरं ते बोलली, "मॅडम, शोधण्यासारखं सगळं तिकडंच आहे ना, अमेरिकेत."

ही मुलगी रोज दिंडोरीहून एसटीनं यायची, सीबीएसला उतरायची आणि शरणपूर रोडनं चालत पुढं यायची. मी म्हटलं, ज्या रस्त्यानं आत्ता आलीस त्याला शरणपूर का म्हणतात? तिला माहीत नव्हतं, आणि त्यात तिचा काही दोष नाही, नाशिकमधे शंभर जणांना विचारा, नव्वद जण कॅनडा कॉर्नर आणि तिबेटियन मार्केट सांगतील.

तर शरणपूर म्हणजे अक्षरशः शरण आलेल्यांचं गाव. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं १८५० च्या दशकात नाशिकच्या बाहेर वसवलेली ख्रिस्ती वस्ती. त्या काळात ब्रिटिश आरमाराची जहाजं अरबी समुद्रात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलाम वाहून नेणाऱ्या ढाव, म्हणजे अरबी शिडाची गलबतं, पकडायची आणि त्यातली माणसं, बरीचशी लहान मुलं, एडनला, सेशेल्सला आणि मुंबईला उतरवायची. मुंबईत ती पोलिसांच्या ताब्यात जायची आणि मग कुणी घरकामाला, कुणी मिशनकडं. मिशनकडं आलेल्यांतली बरीच मुलं शरणपूरच्या आफ्रिकन असायलममधे, म्हणजे आश्रयगृहात, आली. तिथं शाळा, प्रार्थना आणि हाताला काम, म्हणजे लोहारकी, सुतारकी असे धंदे. याच मुलांना पुढं बॉम्बे आफ्रिकन म्हणायला लागले, आणि पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात हे नाव आजही चांगलं माहितीचं आहे. आपल्याकडं मात्र रस्त्याचं नाव उरलंय फक्त.

विषय बदलून हे शरणपूरचे आफ्रिकन घ्यायचं ठरलं आणि पहिले पंधरा दिवस तिला जवळपास काहीच सापडेना. हा भाग मुद्दाम सांगते, कारण अडचण फार साधी होती. ती इंटरनेटवरच्या जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत आपलं आजचं नाशिकचं स्पेलिंग टाकत होती. त्या काळचे मिशनरी आणि प्रवासी लिहायचे डबल एस घालून आणि शेवटी सी-के लावून, आणि पुढं 'बॉईज'. ते स्पेलिंग टाकलं त्या रात्री साडेअकराला मला तिचे एकामागून एक नऊ मेसेज आले. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या प्रवासाच्या रोजनिशा, मिशनच्या मासिकांचे अंक, भौगोलिक सोसायटीची वृत्तं, सगळ्यात 'नासिक बॉईज'. हाच शोध 'लिबरेटेड आफ्रिकन', 'सीदी', 'हबशी' असे शब्द घालूनही करावा लागतो कारण एकाच माणसाला तीन कागदांत तीन वेगळे शब्द लावलेले असतात.

आणि 'बॉईज'वर जरा थांबा. तिनं पहिल्या ड्राफ्टमधे सरळ 'नाशिकची मुलं' असं मराठी केलं होतं. पण त्यातले बरेच जण बाप्ये होते, वीस-पंचविशीचे, काही लग्न झालेले. साहेबाच्या तोंडी काळा माणूस पन्नाशीला पोचला तरी बॉयच असायचा, तो शब्द वय सांगत नाही, पायरी सांगतो. आपण मराठीत आणताना 'मुलं' केलं की ती पायरी दिसेनाशी होते आणि आपणच नकळत ती मान्य केल्यासारखं होतं. शेवटी तिनं 'नाशिकचे आफ्रिकन' असं केलं आणि 'बॉय' जिथं मूळ कागदात आहे तिथं अवतरणात ठेवलं. तसंच 'गुलाम' शब्दाचं. 'शंभर गुलाम सोडवले' असं लिहिलं की वाटतं ते जन्मतःच गुलाम होते. 'गुलाम केलेली माणसं' लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी केली? वाक्य थोडं लांबतं, लांबू दे.

आता पहिला ड्राफ्ट. त्यात सुरुवातीलाच एक तक्ता होता. १८०७ ब्रिटिशांची गुलामांच्या व्यापारावर बंदी, १८३३ साम्राज्यातल्या गुलामगिरीचं निर्मूलन, १८४३ भारतातला कायदा, १८६० भारतीय दंड संहिता, १८७३ झांझिबारचा तह, १८९७ झांझिबारमधे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता रद्द. दिसायला एकदम शिडी, एकेक पायरी वर जाणारी. मी तिला एवढंच विचारलं की यातल्या कुठल्या तारखेला शरणपूरमधला एखादा माणूस मोकळा झाला? आम्ही दोघी तक्ता घेऊन बसलो. १८३३ च्या कायद्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेलाच होता, म्हणजे मुंबई इलाख्याला तो लागूच नाही. आणि जिथं लागू झाला तिथंही १८३४ नंतर आधीच्याच मालकाकडं 'शिकाऊ' म्हणून राबायचं होतं, ते १८३८ पर्यंत चाललं, आणि नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना, राबणाऱ्यांना एक छदाम नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलाम बाळगणं गुन्हा ठरलं असं ती लिहून मोकळी झाली होती, ही चूक मी फार ठिकाणी बघते. त्या कायद्यानं एवढंच झालं की कोर्ट कुणावरही गुलाम म्हणून मालकाचा हक्क मानणार नाही. माणूस विकणं-विकत घेणं हा गुन्हा झाला तो दंड संहितेच्या ३७० आणि ३७१ कलमानं, आणि ती संहिता अमलात आली १८६२ पासून. या दोन्हींच्या मधल्या काळात पेशवाईपासून चालत आलेल्या कुणबिणी-बटकींचं, म्हणजे घरकामाला ठेवलेल्या गुलाम बायकांचं, घराघरांत काय झालं हा वेगळाच पेपर होईल, कुणीतरी करा.

थोडक्यात तक्त्यातल्या एकाही तारखेला आमचा माणूस मोकळा होत नव्हता. तो मोकळा झाला ज्या दिवशी समुद्रात ढाव पकडली गेली त्या दिवशी, निदान कागदावर तरी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुठं जायचं, काय खायचं, कुणाच्या घरात झोपायचं, त्याला कुठल्या नावानं हाक मारायची हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. मी तिला म्हटलं तुझा पेपर त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. तक्ता परिशिष्टात गेला.

दुसरी अडचण, साधनांची. तिच्याकडं जमलेलं सगळं साहित्य मिशनचं किंवा मिशनबद्दल चांगलं बोलणाऱ्यांचं होतं आणि ड्राफ्टमधेही तोच सूर आला होता, मिशननं आश्रय दिला, मिशननं शिकवलं, मिशननं माणूस बनवलं. मिशनची मासिकं छापली जायची इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी, त्यात यशाच्याच गोष्टी असणार. म्हणून ती खोटी ठरत नाहीत पण ती वाचताना पैसे कुणाकडं मागितले जातायत हे डोक्यात ठेवावं लागतं. यावर तिनं दुसऱ्या टोकाला उडी मारली, सगळं मिशन म्हणजे ढोंग असा दुसरा ड्राफ्ट आणला. तेही मी परत दिलं. ढावेच्या तळातून काढलेल्या पोराला कुणीतरी जेवण दिलं, अक्षर शिकवलं, हे झालेलं आहे. ते खोडून काय मिळणार?

मग आम्ही नावांकडं गेलो. १८६६ साली लिव्हिंग्स्टन मुंबईहून झांझिबारमार्गे आफ्रिकेत शिरला तेव्हा त्यानं नाशिकचे नऊ जण बरोबर घेतले होते. ती नावं तिनं एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, अँड्र्यू पॉवेल, रूबेन स्मिथ, जेम्स रटन, अब्राहम परेरा, अल्बर्ट बराका, नॅथॅनिएल कुम्बा. दोन दिवसांनी तिचा फोन, "मॅडम, प्राइस आणि आयझेनबर्ग ही तर शरणपूरच्या साहेबांची आडनावं आहेत." खरंच तसंय. प्राइस तर संस्थापकच, आणि आयझेनबर्ग तिथंच काम केलेला जर्मन मिशनरी. म्हणजे सोडवलेल्या माणसाला सोडवणाऱ्याचं आडनाव. आणि बाकीच्यांत मधूनच एखादं बराका, एखादं कुम्बा, आधीच्या आयुष्याचा एवढाच तुकडा शिल्लक. त्या भिंतीवरच्या कागदानं पेपरला जे दिलं ते आधीच्या पंचवीस पानांनी दिलं नव्हतं.

तिला नायक करायचा होता जेकब वेनराइट. साहजिक आहे. तोही नाशिकचा, १८७२ मधे मागाहून पाठवलेल्या तुकडीतला. १८७३ च्या मेच्या सुरुवातीला चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला, बरोबरच्या लोकांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटनं वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मग दीड हजार किलोमीटरच्या वर चालत त्या सगळ्यांनी देह बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधे दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांत वेनराइट होता. त्यानं इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी आहे, शवपेटीशेजारी उभा असलेला त्याचा फोटो आहे. शरणपूरमधे शिकलेला माणूस वेस्टमिन्स्टर ॲबेत, यापेक्षा मोठं काय पाहिजे. पण पेपर कशावर होता, मुक्तीवर. आणि वेनराइटच्या गोष्टीत आपण नकळत लिव्हिंग्स्टनच्याच मागं चालायला लागतो, मुक्ती बाजूला राहते आणि निष्ठा हा विषय होऊन बसतो, निष्ठावंत सेवकाची गोष्ट. विलायतेतल्या वाचकांना तेव्हा हेच वाचायचं होतं.

आम्हाला पाहिजे ते सापडलं अब्राहममधे. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीतली जुलै १८६६ ची नोंद आहे, मटाका नावाच्या याओ सरदाराच्या गावातली, आजच्या उत्तर मोझांबिकमधे येतं ते. (ही रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर होरेस वॉलरनं संपादित करून १८७४ मधे छापली हे विसरायचं नाही, आपण वॉलरच्या हातून वाचत असतो.) पाहुणे बघायला गावकऱ्यांची गर्दी जमली आणि त्या गर्दीत नाशिकच्या अब्राहमला त्याचा मामा दिसला. आता तो मामा का काका हे इंग्रजी 'अंकल'वरून कळत नाही, पण त्याच नोंदीत या लोकांची माया आईच्या बाजूला असते असं लिहिलंय म्हणून तिनं मामा धरलं आणि तळटीपेत तसं सांगितलं, हे मला फार आवडलं. तर ओळख पटल्यावर अब्राहमला कळलं की त्याला नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही अरबांना विकून टाकलंय. मामा म्हणाला इथंच राहा. मटाका म्हणाला राहा. लिव्हिंग्स्टन म्हणाला राहा, काही महिने पुरेल एवढं सामान मी देतो. आणि अब्राहमचं दरवेळी एकच उत्तर, जिथं आई नाही, बहीण नाही तिथं मी कसा राहू?

ही नोंद तिनं मला मोबाईलवर वाचून दाखवली, वाचताना तिचा आवाज बसला आणि माझाही जीव गलबलला. हा माणूस कायद्यानं मोकळा आहे, पायात बेडी नाही, ज्या मुलखातून त्याला उचललं तिथंच उभा आहे, रक्ताचं माणूस समोर बसून राहा म्हणतंय, आणि तरीही त्याला परत जायला घर नाही. विक्री त्याच्यामागं चालूच राहिली होती. मुक्तीचा कायदा, तह, आरमार यांच्या कुठल्याही कागदात हे बसत नाही.

पुढं लगेच आणखी एक वाक्य आहे. मटाकाला वाटत होतं आपले बैल कामाला लावावेत, पण अब्राहमला ते येत नव्हतं. लिव्हिंग्स्टन लिहितो की तो लोहार आहे, खरं तर काहीच नाही, कारण लोखंड गाळता येत नसेल तर काम करायला त्याच्याकडं माल कुठला येणार. आणि या लोकांना साधी शेती शिकवली असती तर बरं झालं असतं असंही म्हणतो. आम्ही दोघींनी आधी हे अब्राहमबद्दलचं कुचकं बोलणं म्हणून वाचलं आणि सोडून दिलं. नंतर एका दुपारी तीच म्हणाली की याओ लोकांच्या मुलखात लोहार भट्टीत दगड गाळून लोखंड काढायचा, मग त्याचं काम करायचा, आणि नाशिकच्या लोहाराला सळई दुकानातून मिळायची. अब्राहमला जे शिकवलं ते नाशिकमधे, मुंबईच्या कारखान्यात चालणारं होतं. म्हणजे तिकडं परत जाऊन तो काय करेल हा विचार शिकवताना कुणी केलेला नव्हता, आणि एक दिवस त्याला तिकडंच नेलं. हे वाक्य अब्राहमवर नाहीच, शरणपूरवर आहे. एवढ्या एका सळईवर तिचं तिसरं प्रकरण उभं राहिलं आणि मला ते सगळ्या पेपरमधलं सगळ्यात बळकट वाटतं.

पुढचं झटपट सांगते. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ मधे झांझिबारला गेला, ५ जूनला सुलतान बर्गशनं समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करणारा तह केला, त्यानंतर मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसलं आणि ते वसवायला पुन्हा तोच प्राइस, आणि बरोबर नाशिकहून गेलेले दीडशेच्या आसपास आफ्रिकन. शरणपूरचं असायलम संपलं. तिकडं या लोकांनी शाळा चालवल्या, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तर १८८५ मधे धर्मोपदेशक झाले. पण तिथल्या राबाई वस्तीत मालकांकडून पळून आलेली माणसं आसरा घ्यायला लागली तेव्हा १८८८ च्या अखेरीस तोडगा निघाला तो परत मालकांना पैसे मोजून, चौदाशेच्या आसपास माणसांसाठी. १८३३ आणि १८८८, पन्नास वर्षांनीही भरपाई कुणाला तर मालकाला. हे तिनं नुसतं शेजारी-शेजारी ठेवलं, टिप्पणी केली नाही, आणि बरोबर केलं.

फुले? त्यांना सोडून देणं तिच्या जिवावर येत होतं. 'गुलामगिरी' १८७३, तह १८७३, चितांबो १८७३, शरणपूर पुण्यापासून काही फार लांब नाही, म्हणून एक परिच्छेद होता की फुल्यांना शरणपूरच्या आफ्रिकनांची कल्पना असणारच. पुरावा काय? साल एक आहे, एवढाच. मी तो परिच्छेद काढायला लावला, ती नाराज झाली, दोन दिवस बोलली नाही. मला फुल्यांबद्दल तिच्याइतकीच माया आहे आणि म्हणूनच त्यांच्या नावावर असलं काही टाकलेलं मला चालत नाही.

कमिटीपुढं सादरीकरण झालं तेव्हा एका सरांनी विचारलं की हा आफ्रिकेचा विषय आहे, महाराष्ट्राच्या इतिहासात कशाला? तिनं भांडण केलं नाही, नऊ नावांचा तो कागद पडद्यावर लावला आणि म्हणाली, सर, यातल्या प्रत्येकाच्या नावापुढं त्या काळच्या कागदांत गावाचं नाव एकच आहे, नाशिक.

पेपर पास झाला, मार्क चांगले पडले. अब्राहम मटाकाच्या गावात राहिला नाही, लिव्हिंग्स्टनबरोबर पुढं गेला. ती आता मिशनचे बर्मिंगहॅममधले कागद बघायला मिळतात का यासाठी पत्रव्यवहार करतेय, आणि मुंबईत काळा घोड्याला अर्काईव्हजमधे पोलिस खात्याच्या जुन्या फायली मागवतेय. तिला एकच गोष्ट पाहिजे. गर्दीत भाचा ओळखल्यावर त्या मामानं त्याला अब्राहम म्हणून हाक मारलेली नसणार. कुठल्या नावानं मारली ते त्या पानावर नाही.